जुना वस्तरा पुन्हा धारेला : काय घासायचं आणि काय राखायचं



गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. तालुक्याच्या गावी त्याचं स्वतःचं सलून आहे. चहा झाल्यावर त्याने पिशवीतून तेलकट फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि टेबलावर ठेवली. आजोबांच्या धोकटीतला वस्तरा! धोकटी म्हणजे न्हाव्याची हत्यारांची चामडी पिशवी. वस्तऱ्याच्या पात्यावर तांबूस गंज चढलेला, मुठीची एक पट्टी मधोमध तुटलेली, दुसरी वाकडी झालेली आणि हाताला चिकट लागणारी.

तो म्हणाला, "सर, हा परत चालू होईल का? गिऱ्हाइकावर नाही वापरायचा. याने एकदा बाबांची दाढी करायची आहे."

मी लगेच 'हो' म्हणालो नाही. का नाही म्हणालो, तेच आजच्या लेखात सांगणार आहे. वस्तऱ्यासारखी छोटी वस्तू दुरुस्त करताना रसायनशास्त्र, भूमिती, धातुशास्त्र आणि सुतारकाम असे चार विषय एकत्र येतात. शिवाय एक गोष्ट शिकायला मिळते, जी पुस्तकात सहसा नसते : कुठे थांबायचं.

सुरुवातीलाच सूचना. हे काम मोठ्या माणसाच्या सोबतीशिवाय करायचं नाही. बोथट दिसणारा वस्तराही बोट कापतो. म्हणून धारेवर जाड चिकटपट्टी लावूनच काम सुरू करायचं.

वस्तऱ्याचे भाग

आधी भागांची ओळख करून घेऊ. जो भाग केस कापतो ती धार. धारेच्या विरुद्ध बाजूची जाड कड म्हणजे पाठ. या दोन्हींच्या मधला, बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी खोलगट केलेला भाग म्हणजे पाते. पाते जिथे संपतं तिथून पुढे बोटांनी धरायचा जाड दांडा असतो आणि त्याच्या टोकाला वर वळलेली शेपटी. दांड्यात एक भोक असतं. त्यातून पितळेची बारीक खीळ जाते आणि तिच्याभोवती पाते फिरतं.

मूठ म्हणजे लाकडाच्या, शिंगाच्या किंवा हाडाच्या दोन पातळ पट्ट्या. वस्तरा मिटला की धार या दोन पट्ट्यांच्या मध्ये जाऊन बसते. मुठीच्या दुसऱ्या टोकाला दोन पट्ट्यांच्या मध्ये एक निमुळती पाचर असते. ती दिसायला किरकोळ, पण तिचं काम फार महत्त्वाचं आहे. ते पुढे येईलच.

आता एक वाक्य मनात पक्कं करा, कारण सगळा लेख त्यावरच उभा आहे : मूठ नवी करता येते, पाते नवं करता येत नाही. लाकूड चुकलं तर दुसरं घेता येतं. पात्यावरून घासून टाकलेलं पोलाद मात्र परत येत नाही.

हा वस्तरा आला कुठून?

गंज थोडा पुसल्यावर दांड्यावर ठोकलेली अक्षरं दिसली. कारखान्याचं नाव गंजाने खाल्लं होतं, पण 'शेफील्ड' आणि 'इंग्लंड' हे दोन शब्द वाचता आले.

इंग्लंडमधलं शेफील्ड आणि जर्मनीतलं झोलिंगेन ही सुऱ्या, कात्र्या आणि वस्तऱ्यांची जगप्रसिद्ध गावं. शेफील्डचं नशीब उघडलं ते १७४० च्या दशकात. बेंजामिन हंट्समन हा मूळचा घड्याळजी. घड्याळाच्या स्प्रिंगसाठी त्याला एकसारखं पोलाद मिळत नव्हतं. म्हणून त्याने मातीच्या मुशीत पोलाद पूर्ण वितळवून ओतायची पद्धत बसवली. त्यामुळे पोलादातली मळी वेगळी झाली आणि कार्बन सगळीकडे सारखा पसरला. जुन्या वस्तऱ्यांवर 'कास्ट स्टील' असं लिहिलेलं असतं, ते हेच मुशीतलं पोलाद.

इथे आपलाही एक धागा आहे. दक्षिण भारतात मुशीतलं पोलाद हंट्समनच्या कितीतरी आधीपासून होत होतं. युरोपात त्याला 'वूट्झ' म्हणत. १७९४ मध्ये मुंबईत राहणाऱ्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला, रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर शोधनिबंध वाचला. नमुने मुंबईहून आले म्हणून त्यांनी ते पोलाद मुंबईत तयार होतं असंच शीर्षकात लिहून टाकलं! पुढे हत्यारं बनवणारे जेम्स स्टोडार्ट आणि शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी १८२० च्या सुमारास पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले. त्या प्रयोगांमागे वूट्झचं कुतूहल होतंच. तेव्हा उत्तम धारेचं पोलाद कसं असावं, या चर्चेत आपल्याकडचं पोलाद पूर्वीपासूनच होतं.

वस्तऱ्याचं वय कसं ओळखायचं? अमेरिकेने १८९० साली कायदा केला आणि १८९१ पासून तिथे येणाऱ्या मालावर देशाचं नाव असणं सक्तीचं झालं. त्यामुळे नुसतं 'शेफील्ड' न लिहिता 'इंग्लंड' असंही लिहिलेला वस्तरा बहुधा त्यानंतरचा समजतात. दुसरी खूण गंजाची. न गंजणारं पोलाद हॅरी ब्रिअर्ली यांनी शेफील्डमध्येच १९१३ साली केलं. त्याआधीचे सगळे वस्तरे, आणि नंतरचेही बहुतेक, साध्या कार्बन पोलादाचे. म्हणूनच ते गंजतात.

पहिलं काम : नुसतं बघायचं

दुरुस्तीचं साहित्य काढण्याआधी तपासणी. डॉक्टर जसे आधी नाडी बघतात, तसंच.

१. तडा आहे का? मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तसं पात्याला नखाने हलकी टिचकी मारायची. स्वच्छ 'टिंग' आवाज आला तर पाते सलग. आवाज बद्द आला तर भिंगाने धारेपासून पाठीपर्यंत तडा शोधायचा. धारेत तडा असेल तर तो वस्तरा दाढीसाठी नाही, शोभेसाठी ठेवायचा.

२. गंज कुठे आहे? पाठीजवळचे डाग निरुपद्रवी असतात. धारेजवळ खोल खड्डे असतील तर मात्र काळजीचं काम. धार लावता लावता ती खड्ड्यापर्यंत पोचते आणि तिथे दाता पडतो.

३. झीज कशी आहे? पाठीच्या दोन्ही बाजूंना धार लावून लावून तयार झालेली सपाट पट्टी असते. ती एकसारखी आहे की एका टोकाला रुंद, ते बघायचं.

या वस्तऱ्याची तपासणी केली तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे, पाठीवरची सपाट पट्टी दांड्याकडच्या बाजूला जास्त रुंद होती. आणि दुसरी म्हणजे, पात्याचा जो भाग मुठीच्या आत राहत होता तिथेच गंज जास्त होता. बाहेर राहणारा दांडा त्या मानाने बराच स्वच्छ होता. हे उलटं नाही का? झाकलेलं गंजलं आणि उघडं राहिलं ते टिकलं!

मूठच पात्याला खात होती

उत्तर त्या चिकट मुठीत होतं. पट्टी बोटाने जरा चोळली आणि वास घेतला. कापराचा वास आला. म्हणजे मूठ सेल्युलॉइडची.

सेल्युलॉइड हे अगदी सुरुवातीचं प्लॅस्टिक. नायट्रेट केलेला सेल्युलोज आणि कापूर यांच्यापासून बनवलेलं. १८७० च्या सुमारास ते बाजारात आलं आणि हस्तिदंत, कासवाची पाठ यांची नक्कल करायला स्वस्त पडतं म्हणून वस्तऱ्यांच्या मुठीत सर्रास वापरलं गेलं. पण जुनं झालं की ते कुजायला लागतं. कुजताना त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड वायू बाहेर पडतात. हवेतल्या ओलाव्याशी त्यांचा संयोग झाला की नायट्रिक आम्ल तयार होतं. मिटलेल्या मुठीत ते आम्ल थेट पात्यावर बसतं. म्हणजे जी मूठ धारेचं रक्षण करायला होती, तीच तिला खात होती!

म्हणून अशी मूठ कितीही सुंदर दिसली तरी पात्यासोबत ठेवायची नाही. आणखी एक इशारा : सेल्युलॉइड भयंकर ज्वालाग्राही असतं. ओळख पटवायला त्याला तापलेली सुई लावणं, मशीनने घासणं असले प्रकार अजिबात करू नका. मूठ हस्तिदंताची असेल तर वेगळी गोष्ट लक्षात ठेवा. आपल्या देशात हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला कायद्याने बंदी आहे.

मूठ उतरवताना पाते उचकटून ओढायचं नाही. खिळीचं बाहेरचं फुगीर डोकं बारीक कानशीने घासून सपाट करायचं आणि मग बारीक पंच ठेवून हलक्या हाताने खीळ पलीकडे काढायची. जुन्या पट्ट्या लगेच फेकू नका. नव्या मुठीची लांबी आणि भोकांची जागा ठरवायला त्यांची मापं लागतात. मापं कागदावर उतरवली की मग त्या वेगळ्या ठेवायच्या.

गंज : तांबडा शत्रू, काळा पाहुणा

लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज होतो, हे आपण आठवीत शिकतो. हा तांबडा गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो फुगतो, सुटतो आणि खालचं ताजं लोखंड पुन्हा हवेला उघडं करतो. त्यामुळे तो काढायलाच हवा.

पण जुन्या पोलादावर राखाडी-काळसर असाही एक थर दिसतो. तो घट्ट चिकटलेला असतो, सुटत नाही आणि खालच्या धातूला थोडंफार संरक्षणही देतो. तो काढायची गरज नाही. त्याला राहू द्यायचं.

पद्धत अशी :

- पात्यावर शिलाई मशीनचं तेल लावून रात्रभर ठेवायचं. बराचसा गंज मऊ होतो आणि फडक्याने निघतो.
- पाते सपाट लाकडी ठोकळ्यावर टेकवायचं. हवेत धरून घासलं तर पातळ पाते लवतं आणि तुटू शकतं.
- ६०० नंबरचा वॉटर पेपर तेलात भिजवून वापरायचा. घासण्याची दिशा पाठीकडून धारेकडे, आणि धारेच्या बाहेर जाऊन हात उचलायचा. धारेच्या समोरून किंवा धारेच्या लांबीने कधीच नाही.
- नंतर १००० आणि २००० नंबर. शेवटी धातू चकाकवायची पेस्ट.
- व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात पाते भिजवून ठेवायचा सल्ला बरेच जण देतात. आम्ल गंज खातं हे खरं, पण गंज संपल्यावर थांबायचं त्याला कळत नाही. ते चांगलं पोलादही कोरतं. वस्तऱ्यासाठी हा मार्ग नको.

पोलादाचं पाणी

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी जुन्या बाजारातून मी एक वस्तरा आणला होता. हाताने घासायचा कंटाळा केला. ड्रिल मशीनला पॉलिशचं चाक लावलं आणि दहा मिनिटांत पाते आरशासारखं केलं. धारेजवळ सुंदर निळसर झाक आली. मला वाटलं, वा, काय रंग आला आहे! प्रत्यक्षात तो वस्तरा त्याच क्षणी संपला होता.

लोहार विळ्याला किंवा कुऱ्हाडीला 'पाणी देतो' हे तुम्ही ऐकलं असेल. पोलाद लालबुंद करून एकदम थंड केलं की ते अतिशय कडक, पण काचेसारखं ठिसूळ होतं. मग त्याला पुन्हा बेताने तापवून थोडा चिवटपणा देतात. वस्तऱ्याच्या बाबतीत हे दुसरं तापवणं साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखालीच ठेवतात. पुढे कधीही पाते त्याहून जास्त तापलं, तर कडकपणा जातो. यालाच 'पाणी उतरणं' म्हणतात. पोलादाचा रंगच ते सांगतो : सुमारे २२० ते २३० अंशांना गवती पिवळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. माझ्या वस्तऱ्याची धार निळी झाली होती, म्हणजे तिचं पाणी उतरलं होतं. त्यानंतर कितीही धार लावली तरी ती टिकेना.

वस्तऱ्याची धार इतकी पातळ असते की फिरत्या चाकावर ती क्षणात तापते, आणि जाड पाठ मात्र हाताला गारच लागते. म्हणून नियम एकच : पात्याला मशीन लावायचं नाही. वेळ लागतो, लागू दे.

पाठीला हात का लावायचा नाही? थोडी भूमिती

हा भाग दहावीच्या मुलांनी जरूर वाचावा. त्रिकोणमिती कुठे उपयोगी पडते, असं विचारता ना?

धार लावताना वस्तरा दगडावर पूर्ण आडवा ठेवतात. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात. म्हणजे धारेचा कोन किती असावा हे आपला हात ठरवत नाही, पाठीची जाडी ठरवते. सुरीला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो, इथे तो पात्यातच बसवलेला असतो.

हा वस्तरा व्हर्नियर कॅलिपरने मोजला. पात्याची रुंदी १६ मिलिमीटर, पाठीची जाडी ४.६ मिलिमीटर. पात्याच्या मधून एक रेषा काढली तर दोन काटकोन त्रिकोण मिळतात. एका त्रिकोणाची छोटी बाजू २.३ आणि लांब बाजू १६.

२.३ ÷ १६ = ०.१४४. ज्या कोनाचा टॅन ०.१४४ आहे तो कोन सुमारे ८.२ अंश. दोन्ही बाजू मिळून धारेचा कोन सुमारे १६.४ अंश. दाढीच्या वस्तऱ्याला साधारण एवढाच कोन हवा.

आता समजा, चकाकी आणायच्या नादात पाठ दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा मिलिमीटर घासली. जाडी उरली ३.६. मग १.८ ÷ १६ = ०.११२५, कोन ६.४ अंश, आणि दोन्ही मिळून सुमारे १३ अंश. एवढी पातळ धार केसावर टिकत नाही, तिचे तुकडे पडतात. एका मिलिमीटरने सगळं गणित बिघडलं!

आणि गंमत बघा. रोजच्या वापरात धार लावताना धारही झिजते आणि पाठही झिजते. दोन्ही थोडी थोडी झिजल्यामुळे कोन वर्षानुवर्षं जवळपास तोच राहतो. पाठीवरची ती सपाट पट्टी म्हणजे दोष नव्हे, ती या हिशेबाची नोंद आहे.

माझ्या विद्यार्थ्याला हे पटायला वेळ लागला. त्याला वस्तरा नव्यासारखा हवा होता. पाठीवरची पट्टी घासून गोल करू, दोन काळे डाग उरलेत तेही काढू, असा त्याचा आग्रह. तो म्हणाला, "सर, एवढे डाग राहू द्यायचे? लोक म्हणतील नीट साफ केला नाही." मी त्याला आकडेमोड दाखवली. मग पट्टी दाखवली आणि विचारलं, "ही दांड्याकडे रुंद का आहे सांग?" तो वस्तरा हातात धरून दगडावर फिरवल्यासारखं करत बसला. मग म्हणाला, "दांड्याकडे हाताचा भार जास्त पडायचा." कोणाच्या हाताचा, हे दोघांनाही कळलं होतं. पट्टी आणि डाग तसेच राहिले.

लाकडी मूठ घडवणं

पात्याच्या कामात हात आखडता घ्यायचा, मुठीच्या कामात मात्र मनसोक्त मेहनत करायची.

लाकूड कोणतं? घट्ट कणांचं, पूर्ण वाळलेलं आणि ओलाव्याने फारसं न हलणारं. आपल्याकडे शिसवी उत्तम. सागवान टिकाऊ, पण त्यात नैसर्गिक तेल असल्यामुळे चिकटवायच्या आधी स्पिरिटने पुसावं लागतं. मोडलेल्या जुन्या खुर्चीचा हात किंवा पलंगाचा पाय मिळाला तर सोनंच, कारण ते लाकूड पन्नास वर्षं वाळलेलं असतं. आम्ही शिसवी पलंगाच्या मोडक्या पायातून पट्ट्या काढल्या. ज्या लाकडात टॅनिन भरपूर असतं, उदाहरणार्थ ओक, ते टाळावं. हिरडा आणि हिराकस एकत्र केले की काळा रंग होतो, तीच क्रिया ओलसर लाकूड आणि लोखंड यांच्यात होते. पात्यावर काळे डाग पडतात. शिसवीची भुकटी काहींच्या त्वचेला आणि श्वासाला त्रास देते, तेव्हा घासताना नाकातोंडावर मास्क हवाच.

आधी पुठ्ठ्याची मूठ. जाड पुठ्ठ्यावर मुठीचा आकार कापा, टाचणीने पाते जोडा आणि उघड-मीट करून बघा. मिटल्यावर धार मुठीच्या आत लपते का? पात्याचं टोक पाचरीला लागत नाही ना? पुठ्ठा चुकला तर पाच रुपये गेले, लाकूड चुकलं तर दिवस गेला.

पट्ट्या. सुमारे ३ मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या घ्या. लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने हव्यात, आडव्या असतील तर मूठ मोडते. दोन्ही पट्ट्या दुहेरी चिकटपट्टीने एकमेकींना चिकटवा आणि एकच वस्तू समजून काम करा. त्यामुळे दोन्ही हुबेहूब सारख्या होतात. आकार देण्याआधीच भोकं पाडून घ्या, कारण तेव्हा पट्टीच्या कडा सरळ असतात आणि भोक काटकोनात पडतं. भोक तिरकं गेलं की पाते मिटताना एका पट्टीला घासतं. खिळीसाठी १.६ मिलिमीटरची पितळी तार आणि त्याच मापाचं भोक. मग कानस, पॉलिश पेपर, आणि बाहेरच्या कडा हाताला गोलसर लागेपर्यंत घासणं.

पाचर. शिशाची, पितळेची किंवा लाकडाचीच चालते. ती दांड्याच्या जाडीपेक्षा बरीच पातळ ठेवायची. त्यामुळे दोन पट्ट्या टोकाकडे किंचित जवळ येतात, धनुष्यासारख्या ताणल्या जातात आणि पात्याला दोन्ही बाजूंनी हलकेच दाबून मधोमध धरतात. वस्तरा उघडताना जो गोड घट्टपणा जाणवतो, तो या पाचरीचा.

तेल. अळशीच्या तेलाचा अगदी पातळ थर लावा, जास्तीचं पुसून टाका, निदान एक दिवस वाळू द्या. असे चार-पाच थर. शेवटी मेण. इथे एक धोका आहे. अळशीचं तेल वाळतं म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं, आणि त्यात उष्णता निर्माण होते. तेलाच्या फडक्याचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप पेट घेऊ शकतो. फडकं उघडं पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

जोडणी आणि धार

पितळी तार दोन्ही बाजूंना साधारण एक मिलिमीटर बाहेर राहील अशी कापायची. पट्टी आणि दांडा यांच्यामध्ये पातळ वायसर ठेवायचे, बाहेरून छोटे वायसर घालायचे. मग लहान हातोडीने तारेच्या कडेवर अगदी हलके ठोके. दहा ठोके या बाजूने, दहा त्या बाजूने. तार हळूहळू छत्रीसारखी फुगते. प्रत्येक फेरीनंतर पाते उघडून बघायचं. सैल असेल तर आणखी ठोकता येतं, पण जास्त घट्ट झालं तर मागे येता येत नाही, आणि एका जोरकस ठोक्याने आठ दिवसांचं लाकूड तडकतं. इथेही तोच धडा.

धारेसाठी आधी पाठीवर चिकटपट्टीचा एक थर लावायचा, म्हणजे पाठ आणखी झिजत नाही. मग पाण्याचे दगड : गरज असेल तरच १००० नंबर, नंतर ४०००, ८००० आणि १२०००. बेल्जियममधल्या आर्डेन्स भागात 'कोटिक्यूल' नावाचा पिवळसर दगड मिळतो. त्यातल्या गार्नेटच्या बारीक कणांमुळे वस्तऱ्यासाठी तो पूर्वापार नावाजलेला आहे. शेवटी चामड्याचा पट्टा, चाळीस-पन्नास वेळा. लक्षात ठेवायला सोपं वाक्य : दगडावर धार पुढे, चामड्यावर पाठ पुढे. चामड्यावर धार पुढे नेली तर चामडं कापतं आणि धार वळते.

आरोग्याबद्दल दोन शब्द

'गंजलेलं लागलं की धनुर्वात होतो' असं आपण म्हणतो. धनुर्वात गंजामुळे होत नाही, तो माती-धुळीत राहणाऱ्या जिवाणूमुळे होतो. जुन्या गंजक्या वस्तूवर तशी धूळ असते, म्हणून इंजेक्शन वेळेवर घेतलेलं असावं. दुसरं, कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही हे रक्तातून पसरतात. म्हणूनच आज सलूनमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं पाते घालायचा वस्तरा वापरतात. जुना वस्तरा एकाच माणसाने वापरायचा, आधी ७० टक्के अल्कोहोलने पुसायचा आणि वापरानंतर कोरडा करून तेलाचा हात फिरवून ठेवायचा.

शेवटी काय झालं?

वस्तरा तयार व्हायला जवळजवळ तीन आठवडे लागले. महिन्याभराने विद्यार्थ्याचा फोन आला. रविवारी सकाळी ओसरीवर बसवून त्याने वडिलांची दाढी केली होती. हनुवटीखाली एका ठिकाणी जरासं लागलं, तुरटी फिरवली. वडील गालावरून हात फिरवत म्हणाले, "आप्पांचा हात जड होता रे, तुझा हलका आहे."

पाठीवरची ती रुंद पट्टी हेच तर सांगत होती. आम्ही ती घासून टाकली असती, तर वस्तरा जास्त चकाकला असता. पण धारही गेली असती आणि आप्पांचा हातही.

थोडक्यात

- आधी तपासा, मग हात लावा.
- तांबडा गंज काढा, काळा घट्ट थर राहू द्या.
- पाते तापू देऊ नका आणि पाठ घासू नका.
- कापराचा वास येणारी जुनी मूठ पात्यापासून दूर ठेवा.
- सगळी हौस लाकडावर करा, पात्यावर नाही.

स्वाध्याय

१. एका वस्तऱ्याच्या पात्याची रुंदी १८ मिलिमीटर आणि पाठीची जाडी ५ मिलिमीटर आहे. धारेचा कोन काढा.

२. मिटलेल्या मुठीतलं पाते बाहेरच्या दांड्यापेक्षा जास्त का गंजलं? रासायनिक कारण लिहा.

३. 'पाणी देणं' आणि 'पाणी उतरणं' हे शब्द माणसांबद्दलही वापरतात का? घरातल्या मोठ्यांना विचारून दोन वाक्यं लिहा.

४. तुमच्या घरात आजी-आजोबांच्या हाताने झिजलेली एखादी वस्तू आहे का? विळी, पाटा, उखळ, कातर, काहीही. ती कुठे झिजली आहे आणि तिथेच का, ते नीट बघा आणि चित्र काढून आणा.